वेळ आणि सवय

नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, की अभ्यासाला वेळ मिळत नाही. माझ्या मते, वेळ मिळण्याची वाट पाहणे हीच मूळ चूक होय. रमाबाई रानडे यांचे उदाहरण पाहा. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्या सासरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. घरातील स्त्रियांचा विरोध सोसत त्या रात्री पतीकडे शिकत राहिल्या. १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक आज मराठी साहित्याच्या अभ्यासकांना वाचावे लागते. त्यांचा दिवस इतरांहून मोठा नव्हता. शिकण्याचा नेम मात्र पक्का होता.

म्हणूनच भरगच्च वेळापत्रकापेक्षा एक लहान सवय अधिक टिकते. सकाळचा चहा झाला, की अथवा रात्रीची आवराआवर संपली, की ठरलेल्या जागी अर्धा तास पुस्तक उघडावे. ही वेळ आपली आहे, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसावे. अभ्यास सुटतो तो एका खाड्याने नव्हे, तर खाड्यानंतरच्या निराशेने.