न आलेल्यांचाही हिशेब धरा



बैठकीत आपण उत्पादन खर्चाचे फॉर्म वाटतो. ज्याला सवड आहे, लिहिता येते, तो भरून देतो. त्यांची सरासरी काढून आपण तिला 'जिल्ह्याचा उत्पादन खर्च' म्हणतो. ही सवय आपल्याच मुळावर येणारी आहे.

हिशेब मांडून पाहू. समजा, गावात कापसाचे 100 खातेदार. प्रत्येकाचा एक एकर, खर्च सारखाच 24,000 रुपये. फॉर्म भरले 20 जणांनी. त्यांची जमीन बरी, एकरी 6 क्विंटल पिकले. म्हणजे क्विंटलचा खर्च 4,000 रुपये. न आलेल्या 80 जणांना बरड रानात 3 क्विंटलच झाले. साऱ्या गावाची सरासरी 3.6 क्विंटल आणि खर्च 6,667 रुपये! क्विंटलमागे 2,667 रुपये आपणच सोडून दिले. सरकारला दोष कशाला द्यायचा?

फॉर्म वाढवले म्हणून चूक जात नाही. अमेरिकेत 1936 साली 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतले. परत आल्या सुमारे 24 लाख. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असे छापले. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्ये जिंकून आले.

उपाय आपल्याकडे जुनाच आहे. डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी 1940च्या दशकात पीककापणीचे शेत चिठ्ठी टाकल्यासारखे निवडण्याची पद्धत देशात रुजवली. कापसाची अशी पाहणी तेव्हा अकोला जिल्ह्यात झाली. चांगले शेत कोणते, हे अधिकाऱ्याने ठरवायचे नाही आणि शेतकऱ्यानेही नाही.

आपणही तेच करू. खातेदारांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून 20 नावे काढा. घरी जा. माणूस कामावर गेला असेल तर तीनदा जा. सोयीचा म्हणून शेजारी धरू नका. ज्याने सांगितले नाही, त्याचीही नोंद ठेवा. बटईने करणारा आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई यादीत सापडणार नाही. त्यांची यादी गावात बसून वेगळी करा.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथला कापूस-ज्वारीचा कोरडवाहू शेतकरी संख्येने थोडा, म्हणून मोजणीतून चटकन निसटतो. घामाचे दाम मागायचे तर बैठकीला न आलेल्याचा घामही मोजावा लागेल.