लेव्हल झाली, पण सरळ झाली का?

पिकअपचं नाक दोन इंच वर आलं की लुक बदलतो, यात वादच नाही. इसुझू व्ही-क्रॉस असो की टोयोटा हायलक्स, कंपनीतून येताना दोघींची मागची बाजू उंच आणि पुढची खाली असते. पुढे स्पेसर टाकले, गाडी सपाट केली, जाड टायर चढवले की कॉलेजच्या गेटवर माना वळतातच. मग रील येतं. किट कुठलं, किती पडले, टायरचा साइझ काय, सगळं विचारून होतं. "अलाइनमेंट कुठे केलीस?" हा प्रश्न मात्र मी अजून एकदाही ऐकलेला नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आधी हे खूळ आलं कुठून ते बघू. लेव्हलिंग मूळ अमेरिकेतलं. तिथे फोर्ड एफ-१५० किंवा शेवरोले सिल्व्हराडो असले ट्रक घराघरांत असतात आणि त्यांचीही शेपूट वर असते. कंपनीने ते चुकून केलेलं नाही. मागे सामान भरलं, ट्रेलर जोडला की मागचा भाग दबतो आणि गाडी सपाट होते. म्हणजे गाडी भरलेली असताना लेव्हल असावी, हा हिशोब. आपल्याला ती रिकामी असतानाच लेव्हल हवी असते. असो, आवड ज्याची त्याची. पण मग मागे पोती टाकल्यावर नाक आभाळाकडे जाणार, हे धरून चाला.

आता खरा विषय. पुढचं चाक गाडीला खिळ्याने ठोकलेलं नसतं. व्ही-क्रॉस, हायलक्स, २०२० नंतरची थार, या सगळ्यांत पुढचं प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मवर झुलत असतं. स्प्रिंगचा पाय खालच्या आर्मवर, साधारण मध्याच्या आसपास टेकतो. त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर घातला तर चाकापाशी जवळपास दोन इंच उंची मिळते. त्या दोन इंचांत दोन्ही आर्म खाली झुकतात, स्टेअरिंगचा टाय रॉड तिरका होतो आणि कंपनीने ठरवलेले सगळे कोन हलतात. म्हणजे किट बसवलं त्याच क्षणी अलाइनमेंट गेली. नंतर कधीतरी जाईल असा प्रकार नाही.

कोन तीन. उभं राहून स्वतःच्या पावलांकडे बघा. अंगठे एकमेकांकडे वळलेत की बाहेर, तो 'टो'. चाक समोरून बघितलं तर त्याचं डोकं आत झुकलंय की बाहेर, तो 'कॅम्बर'. बुलेटचा पुढचा फोर्क सरळ उभा नसतो, हँडलकडे मागे कललेला असतो. चारचाकीत तसाच कल असतो, तो 'कॅस्टर'. वळणानंतर स्टेअरिंग आपसूक मधे येतं ते मुख्यतः याच कॅस्टरमुळे. नाक उचललं की बहुतेक वेळा हाच कमी होतो. मग हायवेवर गाडी तरंगल्यासारखी वाटते, सारखी सावरत बसावी लागते, आणि चालवणारा म्हणतो, "मोठ्या टायरमुळे होतं असं, सवय होईल."

सवय कशाची करायची?

टोचं गणित तर अकरावीच्या ट्रिगोनॉमेट्रीत बसतं. चाक फक्त अर्धा अंश वाकडं असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते जवळपास ९ मीटर आडवं घासतं. पुणे ते नाशिक साधारण २१० किलोमीटर धरा. एका फेरीत पावणेदोन किलोमीटरहून जास्त ते चाक फिरत नाही, फरफटतं. टायर आतून खाल्ला गेला म्हणून दुकानदाराला शिव्या घालणाऱ्यांनी हा आकडा एकदा पाहावा. ऑल टेरेन टायरचा एक सेट किती हजारांना पडतो, ते ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको.

पण टायर जाणं ही स्वस्तातली शिक्षा झाली. पावसात ताम्हिणी उतरताना समोरून एसटी येते, तुम्ही ब्रेक मारता आणि गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा विषय पैशांचा राहत नाही. त्या एसटीतल्या लोकांनी किंवा मागून ॲक्टिव्हावर येणाऱ्या काकांनी तुमचं किट निवडलेलं नसतं.

"अलाइनमेंट करून घेतली रे," असं म्हणणारे भेटतात. काय केलं विचारलं तर कळतं, वीस मिनिटांत फक्त टो सेट केला आणि गाडी बाहेर. अमेरिकेतले मेकॅनिक याला 'टो अँड गो' म्हणून चिडवतात. साध्या हॅचबॅकला ते चालूनही जातं, कारण तिच्यात बऱ्याचदा पुढे टोच तेवढा सहज बदलता येतो. उचललेल्या फोर बाय फोरला नाही चालत. इथे आधी बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड एंड, बेअरिंग हलवून बघायचे. ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जाते. मग टायरची हवा. मग कॅस्टर आणि कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी, स्टेअरिंग सरळ धरून, टो. हा क्रम उलटा केला तर आधीचं काम वाया, कारण कॅस्टर-कॅम्बर हलवले की टो पुन्हा बदलतो.

आणि स्क्रीनवर सगळं हिरवं दिसलं म्हणून खूश होऊ नका. हिरवा म्हणजे मर्यादेत, एवढंच. डावीकडचा कॅस्टर मर्यादेच्या खालच्या टोकाला आणि उजवीकडचा वरच्या टोकाला असला तरी दोन्ही हिरवेच दिसतात, आणि गाडी ओढत राहते. प्रिंट मागा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही. डाव्या-उजव्या आकड्यांतला फरक स्वतः बघा. द्यायला नकार मिळाला तर दुकान बदला, यात लाजण्यासारखं काही नाही.

कधी कधी चांगला मिस्त्रीही हात टेकतो. ॲडजस्ट करायच्या बोल्टला ठरावीकच जागा असते; उंची जास्त घेतली की ती संपते आणि कॅस्टर जागेवर येत नाही. मग वेगळ्या भूमितीचे वरचे आर्म लागतात किंवा उंची कमी करावी लागते. असं तोंडावर सांगणारा मिस्त्री महाग वाटतो, पण खरा तोच. टाय रॉड फार तिरका झाला असेल तर खड्ड्यात चाक स्वतःहून थोडं वळतं. ते अलाइनमेंटच्या मशीनवर दिसत नाही आणि तिथे दुरुस्तही होत नाही. आपल्या रस्त्यांवर हे किती वेळा होणार, ते सांगायला नको.

एक वेगळी जमात जुन्या थारवाल्यांची. २०१० ची जी थार आली तिच्यात पुढे टॉर्शन बार आहे. पान्याने बोल्ट आवळला की नाक वर, किटचा खर्च शून्य. काही विकत घेतलंच नाही, म्हणून अलाइनमेंटची आठवणही होत नाही. कोन मात्र तितकेच बिघडतात. जिमनी आणि जिप्सीचं गणित निराळं, त्यांत पुढे अख्खा सॉलिड ॲक्सल आहे. तिथे कॅम्बर जवळजवळ हलत नाही, कॅस्टर आणि स्टेअरिंगचं मध्य मात्र हमखास हलतं.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण ते कुणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लेमच्या वेळी विमा कंपनी हेच उकरून काढू शकते. म्हणून बोल्ट फिरवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. ज्यांनी आधीच उचललीय, त्यांनी निदान चाकं तरी जागेवर आणावीत.

अलाइनमेंट झाली की हेडलाइट भिंतीवर मारून बघा. नाक वर गेलं म्हणजे प्रकाशाचा झोतही वर गेला, आणि तो थेट समोरच्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत जातो. स्क्रूने तो खाली आणायला फार वेळ लागत नाही. ईएससी असलेल्या गाडीत स्टेअरिंगचा सेन्सर नव्याने शून्यावर आणावा लागतो का, हेही तिथेच विचारून घ्या. आणि नव्या स्प्रिंग टाकल्या असतील तर त्या थोड्या बसतात, उंची बदलते. म्हणून हजारेक किलोमीटर झाले की जुना प्रिंट घेऊन पुन्हा मशीनवर जा.