कारखाने दारात, पण आपली मुले कोठे?

मावळ तालुक्यातील तळेगाव येथे २०२५ साली ह्युंदाई कंपनीच्या कारखान्यात मोटारींचे उत्पादन सुरू झाले. हा कारखाना मूळचा जनरल मोटर्सचा. तो २००८ साली सुरू झाला; डिसेंबर २०२० मध्ये त्यातील उत्पादन थांबले आणि शेकडो कामगारांच्या संसाराची घडी विस्कटली. मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातकडे वळला आणि राज्यभर गदारोळ झाला. प्रकल्प आला की पेढे, गेला की मोर्चे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. आम्हांस मात्र येथे निराळा प्रश्न विचारावासा वाटतो. प्रकल्प आला तरी आंदर मावळातील कातकरी वाडीवरचा, नाणे मावळातील ठाकर वस्तीवरचा किंवा लोणावळ्याच्या चाळीत वाढलेला मुलगा त्या फाटकातून आत जातो, तो कोणत्या कामासाठी?

बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते: साफसफाई, हमाली, नाही तर पहारा; आणि तेही ठेकेदारामार्फत. लोणावळ्यात पावसाळ्यातील गर्दीच्या दिवसांत हॉटेलात आणि बंगल्यांवर काम मिळते. गर्दी ओसरली की हात रिकामे. कोणतेही श्रम हलके नाहीत, ही आपली श्रद्धा आहे. परंतु ज्या कामात वीस वर्षे घालवूनही माणूस पुढची पायरी चढू शकत नाही, ते काम पोट भरते, आयुष्य घडवीत नाही. याच लोणावळ्याजवळ नौदलाच्या ‘आयएनएस शिवाजी’ या संस्थेत १९४५ पासून सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. देशभरातील तरुण तेथे येऊन तंत्रज्ञ होतात. तंत्रविद्या आपल्या डोंगरापासून दूर नाही. दूर आहे ती तिच्याकडे जाणारी वाट.

ही वाट कोठे तुटते, ते नीट पाहिले पाहिजे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, काही नवी नाही. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना देशात १९५० साली सुरू झाली. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळतो. मग अडते कोठे? आईबाप वीटभट्टीवर गेले की शाळा सुटते. जातीचा दाखला नसतो, आणि तो मिळविण्यासाठी लागणारे जुने कागद भूमिहीन कुटुंबाकडे नसतात. अर्ज संगणकावर भरायचा असतो. वाडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंतच कितीतरी चालावे लागते. आणि सर्वांत मोठी अडचण कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते: एक-दोन वर्षे मुलगा शिकणार म्हणजे तेवढा काळ घरी त्याची मजुरी येणार नाही. गरिबाच्या घरी हेच खरे शिक्षणशुल्क होय.

या प्रश्नाचा विचार करताना मावळच्या मातीतील एक जुने उदाहरण आठवते. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘पैसा फंडा’ची कल्पना मांडली: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेस पाठबळ दिले. त्या निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काच कारखाना निघाला. परदेशी जाऊन ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे तंत्रज्ञ म्हणून लाभले. हा कारखाना केवळ माल काढण्यासाठी नव्हता; भट्टीपुढे उभे राहून तरुणांनी काचकाम शिकावे, हाही त्याचा हेतू होता. तेथे तयार झालेली माणसे पुढे इतर ठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. यातून दोन गोष्टी कळतात. शिक्षण आणि उत्पादन एकाच छपराखाली आले की हाताला वळण लागते. आणि लहान माणसांच्या लहान वर्गणीतूनही हे काम उभे राहू शकते.

दुसरे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या घरचे. संत जॉन बॉस्को यांनी इटलीतील ट्युरिन शहरात उमेदवार मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. १८५१ सालचा त्यांचा एक करार, योगायोगाने, एका काच कारागिराशीच झालेला आहे. १८५२ सालचा दुसरा एका सुताराशी. त्यांतील अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. मालकाने मुलास धंदा शिकवावा, धंद्याबाहेरच्या कामास जुंपू नये, चुकल्यास शब्दांनी समज द्यावी, मारहाण करू नये, सणवारी सुट्टी द्यावी आणि ठरलेला मोबदला द्यावा. स्वतःच्या कार्यशाळा त्यांनी काढल्या त्या नंतर, १८५३ पासून. प्रथम त्यांनी मुलाच्या बाजूने करारावर सही केली. गरीब मुलाला कौशल्य हवे असते, तसाच त्याच्या पाठीशी उभा राहणारा जबाबदार प्रौढही हवा असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देशात उमेदवारीचा कायदा १९६१ साली झाला. उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकारने उचलावा, अशी योजना २०१६ मध्ये आली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णांस दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. हेतू स्तुत्य आहे. परंतु योजनेची पहिली पायरीच बारावी असल्यामुळे आठवी-नववीत शाळा सोडलेला मुलगा उंबरठ्याबाहेरच राहतो. ज्याला आधाराची गरज सर्वाधिक, तोच गणतीत येत नाही. शिवाय उमेदवार म्हणून घेतलेल्या मुलास खरोखर यंत्र शिकवले जाते की स्वस्त मजूर म्हणून राबवले जाते, हे पाहणारे कोणी नसेल, तर डॉन बॉस्कोंच्या करारातील अटी आज कागदावरही उरणार नाहीत.

आणखी एक धडा तळेगावच्या मोटार कारखान्यानेच दिला आहे. कंपन्या येतात, जातात, मालक बदलतात. एकाच यंत्राची कळ दाबायला शिकलेला तरुण त्या यंत्राबरोबर बेकार होतो. याउलट ज्याला आरेखन वाचता येते, मोजमाप अचूक घेता येते, विजेचा मंडल समजतो आणि हिशोब येतो, तो एका दारातून निघून दुसऱ्या दारात जाऊ शकतो. पोप लिओ चौदावे यांनी २०२५ मध्ये आपल्या नावाचा खुलासा करताना ‘रेरुम नोवारुम’ (१८९१) या विश्वपत्राची आठवण दिली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानाकडे लक्ष वेधले. तेव्हा घाईने दिलेली तीन महिन्यांची प्रमाणपत्रे पुरेशी नाहीत. पाया भक्कम हवा.

आपल्या धर्मग्रामांनी यात काय करावे? लोणावळ्यात सलेशियन संघाची डॉन बॉस्को शाळा आहे. या परिसरातील कारखान्यांत आपले अनेक बंधू फोरमन, फिटर, अभियंते म्हणून काम करीत आले आहेत. त्यांनी महिन्यातील एक रविवार द्यावा. एका वाडीची जबाबदारी घ्यावी. तेथे आठवी ते दहावीतील मुले-मुली किती, कोणाचे दाखले अडले आहेत, याची वही ठेवावी. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरून द्यावेत. दूरच्या मुलांसाठी राहण्याची सोय आणि शिकण्याच्या काळात घरच्या मजुरीची थोडी भरपाई, एवढ्यासाठी एक छोटा निधी उभारावा. नोकरी लागल्यावरही पहिले वर्षभर विचारपूस चालू ठेवावी, कारण या मुलांची पावले बहुधा याच वर्षात मागे फिरतात. आणि हे करताना मूल कोणत्या धर्माचे, हे विचारू नये.

एका पैशाच्या वर्गणीवर मावळात काचेची भट्टी पेटली होती. आज मागणे त्याहून फार मोठे नाही: प्रत्येक कुशल हाताने एका अकुशल हातास धरून फाटकाच्या आत न्यावे, आणि तो स्थिरावेपर्यंत सोडू नये.