आमचो तो तसो नाय

पडवीतल्या गप्पा

चतुर्थीतली रात्र. आरत्या आटोपल्या आहेत, भजनी मंडळी पुढच्या घरी गेली आहेत आणि आंबोळ्या नि काळ्या वाटाण्याचे सांबारे खाऊन माणसे पडवीत सुस्तावली आहेत. घर मालवण तालुक्यातले, कोणाचेही धरा. कोकणकन्या एक्स्प्रेसने आलेला पुतण्या मोबाइल चाळतो आहे. काकांचा विषय आहे नेपाळी राखणदार. ह्या माणसांचा भरवसा नाही, गावात फार झाले, एक दिवस घर लुटून जातील, असे चालले आहे.

पुतण्या मान वर न करता विचारतो, ‘काकानु, मगे गेल्या सिझनाक बाग कोणी राखल्यान?’

काका क्षणभरही अडखळत नाहीत. ‘आमचो तो तसो नाय.’

किनारपट्टीवरच्या घराघरांत हे वाक्य ऐकू येते. फक्त ‘तो’ बदलतो. कुठे तो ट्रॉलरवरचा परप्रांतीय खलाशी असतो, कुठे पंक्चर काढणारा मुसलमान, कुठे घाटावरून आलेली सून, कुठे बौद्धवाडीतला मुलाचा वर्गमित्र. आधी सगळ्या जमातीवर शिक्का मारायचा आणि ओळखीच्या एकाला त्यातून माफी द्यायची. माफी देणाऱ्याला वाटते, आपण उदार आहोत. राखणदाराने दहा मोसम एक करंडीसुद्धा इकडची तिकडे होऊ दिली नाही, ते पुण्य त्याच्या एकट्याच्या खात्यात. दुसऱ्या गावात कोणा एकाने चोरी केली, ते पाप मात्र सगळ्या नेपाळ्यांच्या खात्यात. असा जमाखर्च काका आपल्या बागेच्या हिशेबात चालवून घेणार नाहीत.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवर पुस्तक लिहिले. त्यात या चलाखीला त्यांनी नाव दिले आहे, ते मराठीत सांगायचे तर ‘पुन्हा कुंपण घालणे’. समजुतीत न बसणारा माणूस समोर आला की त्याच्यापुरते कुंपण उघडायचे, त्याला अपवाद म्हणायचे आणि लगेच बंद करून घ्यायचे. मालवणात हे समजवायला पुस्तक लागत नाही. पावसात गडग्याचे चार दगड ढासळतात. पाऊस सरला की तेच दगड उचलून तिथेच रचतात. गडगा जिथल्या तिथे राहतो.

कोकणात ही चलाखी जुनी आहे, आणि पूर्वी गडग्याचे काम पाणी करत असे. ‘श्यामची आई’मध्ये आई श्यामला महार म्हातारीची मोळी उचलून द्यायला पाठवते. हा प्रसंग शाळेपासून डोळे पुसत वाचला जातो. पण तीच आई त्याला घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते, ते वाचकाच्या ध्यानात राहत नाही. दया खरी होती, अंघोळही खरी होती. साने गुरुजींनी दोन्ही लिहून ठेवले, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पुढे त्याच श्यामने, म्हणजे स्वतः साने गुरुजींनी, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये उपोषण केले.

उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूने पाणी कसे दिसत होते, ते रत्नागिरीच्या उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनात आहे. आई बांबूच्या टोपल्या विणायची, लेक त्या घरोघर पोचवायची. घेणारे टोपलीवर पाणी शिंपडून ती आत घेत आणि पैसे वरून हातात टाकत. टोपली हवी, हात नको. महाडला तर कहर झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यानंतर गावातल्या सवर्णांनी शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. गुरे त्या तळ्यावर रोज पाणी पीत, तेव्हा कोणी घागर आणली नव्हती. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले.

मालवणच्या जिल्ह्यालाही आपला एक हट्टी माणूस मिळाला. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण. सत्याग्रहात रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम त्यांच्या जातीचे नव्हते. अप्पांनी अन्न कमी केले आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. अप्पांनी कोणाला ‘आमचो तो तसो नाय’ म्हटले नाही. स्वतःसाठीही त्यांना सवलत नको होती. तुरुंगाच्या हिशेबात ते इतरांसारखे नव्हते, आणि त्यांचे भांडण नेमके त्याच्याशी होते.

आता शिंपडायचे पाणी गेले. त्याच्या जागी मोबाइलवर पुढे ढकललेला मजकूर आला. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या रात्री मालवणात एका अल्पवयीन मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार झाली. मुलाच्या आईवडिलांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेने अनधिकृत ठरवून त्या मुसलमान कुटुंबाचे भंगाराचे दुकान पाडले. बांधकाम पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्येच बजावले होते. अवमान याचिका दाखल झाली आणि मार्च २०२५ मध्ये त्या न्यायालयाने नोटीस काढली.

घोषणेचे काय ते कायदा बघेल. पण अशा बातमीनंतर घरच्या ग्रुपवर जे सुरू होते, ते एका घोषणेपुरते राहत नाही. ‘भंगारवाले’ आणि ‘ही माणसां’ यांतले अंतर दोन मेसेजांत संपते. तिसऱ्या मेसेजात कोणीतरी लिहितो, आमच्या नाक्यावरचा मात्र तसा नाही. मग अंगठे उठतात आणि गडगा पुन्हा उभा.

अशा वेळी मुंबईकर पुतणे सहसा दोन चुका करतात. एक, ग्रुप सोडतात. दोन, संविधानाचे कलम चिकटवतात. पहिल्याने काकांचे फावते. दुसऱ्याने त्यांना ‘शिकला म्हणून शहाणा झाला’ असे म्हणायची सोय होते. शिवाय सणाच्या दिवशी थोरल्यांना उलटून बोलणे आपल्याकडे वाईट दिसते. मग काकू ‘जाऊ दे रे’ म्हणत चहा आणते आणि विषय चहाबरोबर गिळला जातो.

तिसरी वाट आहे. २०१६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ कल्ला यांचा अभ्यास छापून आला. मायामीत कार्यकर्ते दारोदार गेले आणि तृतीयपंथीयांविषयी लोकांशी सुमारे दहा मिनिटे बोलले. उपदेश नाही, भांडण नाही. तुम्हाला कधी कोणी वेगळे म्हणून हिणवले का, एवढे विचारले आणि ऐकून घेतले. मने थोडी मऊ झाली आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

कोकणातल्या काकांकडे या प्रश्नाचे उत्तर भरपूर असते. एकेकाळी या पट्ट्यातली माणसे गिरणीत, गोदीत, शेठजींच्या पेढीवर राबली. गिरणगावात गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपली. कोकण्याने सह्याद्रीपलीकडच्याला ‘घाटी’ म्हणायचे. मुंबईत पोचल्यावर शेठ आणि त्याची मुले कोकण्यालाच ‘घाटी’ म्हणायची. १९६६ नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध चळवळ उठली आणि हाच चाकरमानी त्यांच्या लुंगीवरच्या घोषणांत सामील झाला, तेव्हा त्याला स्वतःचा ‘घाटी’ आठवला नाही. आठवण करून देणारे घरात कोणी नव्हते.

तर पडवीत परत. पुतण्याने मोबाइल खाली ठेवला आणि विचारले, ‘काकानु, तुम्ही पयले मुंबैक गेलात तेव्हा तुमका काय म्हणत?’ काका हसले. मग बराच वेळ बोलत राहिले. शेठची पेढी, वेगळा ठेवलेला कप, ‘ए घाटी’ ही हाक, पहिल्या पगारातून घरी धाडलेली मनीऑर्डर. बोलून झाले तशी त्यांनी सुपारी कातरायला घेतली. ‘पण तां येगळां हां,’ म्हणाले.

पुतण्याने वाद घातला नाही. राखणदाराचे नाव काय, एवढेच विचारले. काका म्हणाले, ‘बहादूर.’

‘तां नाव न्हय,’ आतून काकूचा आवाज आला. तिने त्याचे नाव सांगितले. गाव दैलेख जिल्ह्यात, थोरली मुलगी यंदा दहावीला, धाकट्याला दमा, हेही सांगितले. दहा मोसम ती त्याला सकाळची पेज देत आली होती. काकांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारले, ‘तुका कोणी सांगल्यान ह्यां?’

‘त्याणाच,’ काकू म्हणाली. ‘मी इचारलंय.’

— शेजारी