ठीक सहा वाजता

सकाळी वर्तमानपत्र हातात पडले की काही लोक आधी निधनवार्ता पाहतात, काही सोन्याचा भाव पाहतात. मी ‘शहरात आज’ हे सदर पाहतो. मराठी वाङ्मयातला सर्वांत कल्पनारम्य प्रकार तोच, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यात ‘ठीक सहा वाजता’ असे तीन शब्द हमखास असतात आणि तीनही खोटे असतात. सहाला कोणी आलेले नसते, ‘ठीक’ तर काहीच नसते, आणि ‘वाजता’ म्हणावे तर त्या वेळी फक्त माईकची शिट्टी वाजत असते.

या शनिवारचेच घ्या. एक शास्त्रीय गायनाची मैफल, एक कविसंमेलन, एका चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन, बचत गटांचा खाद्यमहोत्सव आणि आमच्या पेठेतल्या ज्येष्ठांचा हास्यमेळावा. सगळे शनिवारी आणि सगळे ठीक सहाला! उरलेले सहा दिवस कोल्हापूरकर काय रंकाळ्याच्या कठड्यावर बसून असतो? (असतो, पण तो मुद्दा वेगळा.)

आता यातला प्रामाणिक कार्यक्रम कोणता म्हणाल, तर खाद्यमहोत्सव. तिथे तांबड्या रश्श्याचे प्रास्ताविक होत नाही. ‘पांढऱ्या रश्श्याचा परिचय करून देण्याची गरजच नाही’ असे म्हणून वीस मिनिटे परिचय करून देणारा कोणी उभा राहत नाही. पैसे द्या, वाटी घ्या, ओरपा. गाण्याचे मात्र तसे नाही. स्वागत होते. मग दीपप्रज्वलन, त्यात काड्यापेटी शोधण्यात पाच मिनिटे आणि पंखा बंद करणारा माणूस शोधण्यात दहा. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, ज्यांनी शाली दिल्या त्यांना शाली. इकडे पडद्यामागे तंबोरे जुळवून बसलेला गवई तेच तंबोरे चौथ्यांदा जुळवत असतो. शेवटी निवेदिका गोड आवाजात सांगते, ‘वेळेअभावी आपण थेट मैफलीकडे वळू या.’ थेट! म्हणजे पावणेआठला.

आणि हे कुठे चालते? तर कोल्हापुरात! ज्या गावात देवल क्लब १८८३ पासून गाणे सांभाळतो आहे. ज्या गावात शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते, त्या गावात. महाराजांनी खासबागेचे कुस्तीमैदान १९१२ साली सुरू केले. आखाडा मध्यभागी, खोलगट. बैठका चहूबाजूंनी चढत गेलेल्या. हेतू हा की पुढच्याचा फेटा मागच्याच्या नजरेआड येऊ नये. शेवटच्या रांगेतल्या फुकट्या माणसालाही लढत नीट दिसावी, एवढा विचार राजाने केला. आता त्याच गावात गाण्यासमोर पाहुण्यांची पूर्ण रांग आडवी बसते, आणि हिचा उपाय कुठल्या वास्तुशास्त्रात सापडणार? खासबागेत पैलवान लांग कसून उभा आहे आणि कोणी ‘दोन शब्द’ बोलायला हौद्यात उतरला आहे, अशी कल्पना करून पाहा. एकाच डावात तो आकाश बघेल. गवई बिचारा डाव टाकत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

खासबागेला लागूनच महाराजांचे पॅलेस थिएटर. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले. रस्त्यावर उभे राहून हळहळणाऱ्यांत मीही होतो. डोळे पुसत घरी आलो, तर ही म्हणाली, ‘इथलं शेवटचं नाटक तुम्ही तिकीट काढून कधी पाहिलंत हो?’ मी म्हटले, ‘तसं नव्हे, दर वेळी कोणीतरी पास...’ आणि गप्प बसलो. आगीने एका रात्रीत केले, ते आम्ही पासवाल्यांनी सावकाश चालवले होते.

आता इतके बोललोच आहे, तर पोटातलेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या एका कार्यक्रमाला मला पाहुणा म्हणून बोलावले. मला! फेटा बांधला, शाल घातली, आणि माझ्या हातात माईक आला. गाणार होते आमच्याच गल्लीतले बुवा. वय सत्तरीच्या पुढे. चाळीस मिनिटे मिळणार म्हणून महिनाभर रोज पहाटे त्यांचा पूरिया... छे, पहाटे कुठला पूरिया! पण संध्याकाळी गायचा राग हा माणूस पहाटेही घोकत होता, ते मी अंथरुणातून ऐकत होतो. मी बोलायला उभा राहिलो तो संगीताच्या ऱ्हासाविषयी. लोक वेळेचे भान ठेवत नाहीत, यावर माझा विशेष भर होता. चिठ्ठी आली, ती मी खिशात घातली. दुसरी आली, तिचे कौतुक केले. सत्तावीस मिनिटे बोललो, हे नंतर हिने घड्याळ दाखवून सांगितले.

बुवांना बारा मिनिटे मिळाली. आलाप जरा कुठे उजळू लागला, तोच ‘अल्पोपाहाराची व्यवस्था मागे केली आहे’ अशी घोषणा झाली. खुर्च्या सरकल्या. कटवड्याचा वास आला. मी उठलो का? उठलो. परत आलो तेव्हा बुवा तंबोऱ्याला गवसणी घालत होते. मला पाहून म्हणाले, ‘छान बोललात.’ माणूस टोमणे मारणारातला नाही. खरेच म्हणाले असावेत. तेच अजून पचलेले नाही. वडा पचला.

म्हणून माझे संयोजकांना हात जोडून, आणि न ऐकल्यास हात सोडून, सांगणे आहे : वर्तमानपत्रात पाहुण्यांची नावे छापू नका, गाणे किती वाजता सुरू होईल ते छापा. सत्कार करायचेच असतील तर भैरवीनंतर करा. ज्याला शाल हवी तो थांबेल. वडे खुशाल ठेवा, पण गाणे संपल्यावर तळा. आणि पाहुण्याला तिकीट काढायला लावा. पदरचे पैसे गेले की माणूस गाणे ऐकतो, भाषण करत नाही.

या शनिवारी बुवा पुन्हा गाणार आहेत. दोन तिकिटे काढून आणली आहेत. संयोजकांचा काल फोन आला होता, ‘आपण दोन शब्द बोलाल का?’

फोन हिने घेतला होता, म्हणून वाचलो.