परिचर्येचें शिक्षण व लहान कॉलेजें

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच खल सुरू होतो: मुलानें पुढें काय करावें? ज्यांस वैद्यकीय कॉलेजांत प्रवेश मिळत नाहीं, त्यांच्या कानीं 'मग नर्सिंगला जा' असा सल्ला पडतो. आणि तें कॉलेज एखाद्या तालुक्याच्या गांवीं, शेंसव्वाशें खाटांच्या रुग्णालयास जोडलेलें असलें, तर आईबापांचें मन अधिकच खट्टू होतें. शुश्रूषेचें काम हलकें आणि लहान कॉलेज त्याहून हलकें, असा हा दुहेरी समज आहे. आमच्या मतें तो दोन्ही अंगांनीं चुकीचा आहे.

प्रथम कामाविषयीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या प्रेरणेनें १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत शिक्षणशाळा निघाली आणि शुश्रूषा हा रीतसर शिकण्याचा विषय झाला. आपल्या देशांत बी.एस्सी. नर्सिंगची पदवी १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झाली. आजच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांत शरीररचना, सूक्ष्मजंतुशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र, प्रसूति व बालसंगोपन हे सर्व विषय येतात. डॉक्टर रोग्यापाशीं थोडा वेळ असतात. रात्रभर नाडी, श्वास व ताप पाहून बिघाड प्रथम ओळखणें हें परिचारिकेचें काम होय. औषध मोजतांना दशांशचिन्ह एक घर सरकलें, तर मात्रा दसपट होते. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्या कामांत एका टिंबावर प्राण अवलंबून असतो, तें हलकें कसें?

आतां कॉलेजाविषयीं. वेल्लोरची थोर संस्था डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०० सालीं एका खाटेच्या दवाखान्यापासून उभी केली, हें विसरूं नये. शिवाय, १९९८ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या कॉलेजांत, लहान असो वा मोठें, अभ्यासक्रम एकच व पदवीही एकच. मोठ्या शहरीं एका खाटेभोंवतीं विद्यार्थ्यांची दाटी होते. मागच्या रांगेंतल्यास पाहण्यावरच समाधान मानावें लागतें. लहान ठिकाणीं जखम धुण्याची, पट्टी बांधण्याची, बाळंतिणीजवळ उभें राहण्याची पाळी लवकर येते, व चुकलेला हात तेथल्या तेथें शिक्षक सावरतात.

परंतु लहानपण हा स्वतःच गुण नव्हे. कित्येक ठिकाणीं पाटी कॉलेजची असते आणि रुग्णालयांत रोगीच नसतात. असें शिक्षण म्हणजे विहिरीवांचून पोहणें. म्हणून पालकांनीं इमारत पाहूं नये, वॉर्ड पाहावा. राज्य कौन्सिलची व विद्यापीठाची मान्यता चालू वर्षाची आहे काय? भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या दंडकाप्रमाणें निदान १०० खाटांचें स्वतःचें रुग्णालय व दर १० विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक आहे काय? खाटा भरलेल्या असतात काय? मनोरुग्णांची शुश्रूषा व अतिदक्षता विभागाचें काम शिकण्यास मुलांना कोठें पाठवितात? सर्व शुल्क लेखी सांगतात काय? यांतील एकाही प्रश्नास टाळाटाळ झाली, तर तेथून परत फिरावें, मग गांव कितीही जवळ असो.

दहावीच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, या मार्गाचा विचार असल्यास अकरावीस जीवशास्त्र सोडूं नये व इंग्रजीकडे दुर्लक्ष करूं नये. मुलग्यांनींही हा मार्ग केवळ मुलींचा समजूं नये. आणि पालकांस विनंति अशी कीं, प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं मुलास घेऊन एक दिवस त्या रुग्णालयाच्या आवारांत घालवावा. तेथील शिकाऊ मुलें रोग्याशीं कशीं बोलतात, हें ऐकलें म्हणजे कॉलेज लहान कीं मोठें, याचा निवाडा कोणास विचारावा लागणार नाहीं.