आवक क्रमांक नसलेली तक्रार



2025 साली दहावीचा निकाल 13 मे रोजीच लागला. इतक्या लवकर निकाल लागल्याने आमच्या इमारतीत पेढ्यांबरोबर एक समजूतही वाटली गेली, की यंदा अकरावीचे वर्गही वेळेवर भरणार. घडले ते नेमके उलट. 21 मे रोजी प्रवेशाचे संकेतस्थळ खुले झाले आणि त्याच दिवशी बंद पडले. नोंदणी पुन्हा सुरू व्हायला 26 तारीख उजाडली. पहिली यादी जूनअखेरीस लागली. चातुर्मास बसला, पर्युषण जवळ आले, तरी प्रवेशाच्या फेऱ्या चालूच होत्या.

भिवंडीकरांना ऑनलाइन प्रवेश नवा नव्हता. मुंबई महानगर प्रदेशात तो अनेक वर्षे होता. पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती येथेही होता. त्या वर्षी नवीन एवढेच झाले, की संपूर्ण राज्याचा भार एकाच संकेतस्थळावर पडला. बँकेत नवी संगणक प्रणाली आणताना आम्ही आधी चार-दोन शाखांत चाचणी घेत असू आणि जुन्या वह्या काही काळ हाताशी ठेवत असू. लाखो मुलांच्या बाबतीत निदान तेवढी दक्षता अपेक्षित होती.

आता एका मुलीविषयी सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरील कुटुंबाचा अंजूर फाट्यापुढे गोदामाचा व्यवसाय आहे. मुलगी हुशार, वाणिज्य शाखा घेऊन सनदी लेखापाल होण्याची तिची इच्छा. वडील मालाच्या गडबडीत, त्यामुळे अर्ज भरून दिला एका संगणक केंद्रातील मुलाने. दहा पसंतीक्रम देता येतात. त्याने गेल्या वर्षीचे कट-ऑफ पाहून वरपासून खाली महाविद्यालये लिहून टाकली. पहिल्या क्रमांकावर आले ते ठाण्याच्याही पलीकडचे महाविद्यालय, आणि तेच तिला मिळाले.

नियम असा होता, की पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढील नियमित फेऱ्यांत नाव धरले जात नाही. घरच्यांना हे कळले तेव्हा वेळ निघून गेली होती.

ज्यांनी भिवंडी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगावे लागत नाही. भिवंडी रोड हे स्थानक दिवा-वसई मार्गावर, तेथे गाड्या मोजक्याच. मेट्रोचे खांब आपण कित्येक वर्षे पाहत आहोत. राहिला काल्हेर-काशेळीचा रस्ता, कंटेनरच्या रांगांतून. गुणांची टक्केवारी संगणकाला समजते, हा रस्ता समजत नाही. मुलगी पहाटे पावणेसहाला निघे आणि दुपारी तीनला परते. दिवाळीनंतर तिने जाणे सोडले. आता घरात 17 नंबरचा अर्ज भरून बारावी बाहेरून देण्याची चर्चा चालू आहे.

मी तिच्या वडिलांना विचारले, ‘‘तक्रार दिली होती का?’’ ते म्हणाले, ‘‘काका, सरकारी कारभार असाच चालायचा. कोणाकोणाला सांगत बसणार?’’

हेच गृहस्थ जीएसटीचे संकेतस्थळ शेवटच्या तारखेला अडले, की त्याच क्षणी पडद्याचा फोटो काढतात, सीएला पाठवतात, व्यापारी संघटनेकडून मुदतवाढीचे निवेदन धाडतात. व्यवहारात लेखी पुराव्याचे मोल आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. धनादेश परत गेला तर बँकेकडून कारण लिहिलेला मेमो आपण मागून घेतो. मुलांच्या शिक्षणाबाबत मात्र आपण पेढीवर बसून चरफडतो. ज्या तक्रारीला आवक क्रमांक नाही, ती दप्तराच्या दृष्टीने झालेलीच नाही.

आपला समाज लिहू शकत नाही असेही नाही. 6 मे 2025 च्या शासन निर्णयाच्या आधारे अल्पसंख्याक संस्थांच्या कनिष्ठ महाविद्यालयांतही सामाजिक आरक्षण लावले गेले. संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांत सोलापूरची एक जैन शिक्षणसंस्थाही होती. 12 जून रोजी न्यायालयाने त्या भागास अंतरिम स्थगिती दिली. राज्यघटनेच्या कलम 15(5) मध्येच अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत, तेव्हा मुद्दा कायद्याचा होता आणि तो रीतसर मांडला गेला, यात गैर काही नाही.

परंतु आपल्या संस्थांच्या जागांचा प्रश्न आला तेव्हा महिन्याभरात निवेदने, बैठका, वकील सारे उभे राहिले. संकेतस्थळ बंद पडून सर्वांचीच मुले अडकली, तेव्हा आपल्यापैकी कोणी उपसंचालक कार्यालयात साधा अर्ज दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. केंद्र शासनाने 27 जानेवारी 2014 रोजी जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. तो हक्क जमेच्या बाजूला आहे. परस्पर उपकाराचे तत्त्वार्थसूत्रातील वचन आपण बोधचिन्हाखाली छापतो, त्याची नोंद नावे बाजूला कधी करणार?

आलोचना करायची तर स्वतःपासून करावी. पसंतीक्रमाचा तो नियम मला ठाऊक होता. अर्ज भरला जात असताना मी वरच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. एक जिना उतरून मी विचारले नाही.

म्हणून येत्या मे महिन्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. पहिली, निकालानंतरचे पंधरा दिवस पाठशाळेच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास मदतकक्ष चालवावा. नियमपुस्तिका वाचलेली दोन-चार निवृत्त माणसे पुरेत. प्रत्येक महाविद्यालयापुढे कट-ऑफबरोबर घरापासून लागणारा वेळही लिहावा, आणि जेथे जाणे खरोखर जमणार नाही, त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर घालू नये.

दुसरी, संकेतस्थळ अडले किंवा यादी लांबली, तर तारीख-वेळेसह लेखी तक्रार शिक्षण उपसंचालकांकडे द्यावी व पोच घ्यावी. एकाच मजकुराच्या शंभर पोचपावत्या असल्या, तर त्या दुर्लक्षून चालत नाही.

तिसरी, भिवंडीतील अल्पसंख्याक कोट्याच्या किती जागा भरल्या व किती रिकाम्या राहिल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दूर प्रवास करणाऱ्या मुलीसाठी गावातच जागा शिल्लक होती का, हे निदान कळेल.

आणि हा कक्ष केवळ आपल्या मुलांसाठी नसावा. यंत्रमागावर काम करणाऱ्या पद्मशाली कुटुंबातील तेलुगू बोलणारा मुलगा असो की उर्दू शाळेतून आलेली मुलगी, अर्ज त्यांचाही त्याच संकेतस्थळावर अडतो आणि काशेळीच्या रस्त्यावर त्यांचीही तीच कोंडी होते.

मी माझे नाव कक्षासाठी दिले आहे. खालच्या मजल्यावरील मुलीलाही विचारले आहे. अर्ज कोठे चुकतो हे तिच्याइतके कोणाला माहीत असणार? ती हो म्हणाली आहे.